पावसाळ्यात गिटारच्या तारा वर आल्या, सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासावी का?

कोथरूडकर:
सॉलिड स्प्रूस लाकडाच्या टॉपची (वरच्या फळीची) अकूस्टिक गिटार, १२-५३ जाडीच्या तारा. मे महिन्यात बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सहावी तार २.४ मिमी उंच होती, आता ३.१. एफ कॉर्डचा बार (एका बोटाने सगळ्या तारा दाबणं) धरवत नाही. दुकानात सॅडल घासून देतो म्हणतात. की ट्रस रॉडनेच (मानेतल्या सळईनेच) भागेल? घर तळमजल्यावर, गिटार भिंतीला टांगलेली.

खुंटीपिळ्या:
आत्ता घासू नका. पुण्यात ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. ओल धरली की स्प्रूस रेषांना आडवं फुगतं, टॉपला पोट येतं आणि ब्रिज (टॉपवर चिकटवलेली, तारा अडकवायची लाकडी पट्टी) तारांसकट वर उचलला जातो. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असल्यामुळे तिथले ०.७ मिमी उतरवायला सॅडल १.४ मिमी घासावी लागेल. मग होळीच्या सुमारास टॉप सुकून बसला की तारा फ्रेटवर झणझणणार. जवारी तंबोऱ्याला शोभते, गिटारला नाही.

मिरजमार्गे:
ट्रस रॉड ॲक्शनसाठी (तारांच्या उंचीसाठी) नसतोच, तो मानेचा बाक ठरवतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार चौदाव्यावर दाबा, सातव्यापाशी तार आणि फ्रेटमधली फट मोजा. ०.२ ते ०.२५ मिमी असेल तर हात लावू नका. जास्त असेल तरच पाव फेरा आवळा, मग पुन्हा सुरात लावून मोजा.

कोथरूडकर:
फट ०.२५ आहे. मग काय करू?

खुंटीपिळ्या:
भिंतीवरून काढून हार्ड केसमध्ये ठेवा. कापडी बॅगेत दमट हवा शिरतच राहते. आत आर्द्रतामापक आणि जाळीच्या पुडीत केशरी सिलिका जेल. दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास सुकवायचे. काटा ४५ च्या खाली गेला की पुडी बाहेर, नाहीतर टॉपला चीर जाते. फुगलेला टॉप बसायला काही आठवडे लागतात, तोवर जरा बारीक, ११-५२ च्या तारा लावा.

मिरजमार्गे:
एवढ्यानेही उतरलं नाही, तर मूळ सॅडल तशीच जपून ठेवा आणि पावसाळ्यासाठी हाडाची वेगळी करून घ्या. तिचा तळ काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासायचा. तळ तिरका झाला तर सॅडलखालच्या पिकअपवर (असल्यास; तारांचा आवाज टिपणारी पट्टी) एखाद्या तारेचा आवाज दबतो.
त्याआधी ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघा. आत गेला तर डिंक सुटतोय. तारा लगेच सैल करा, सॅडलचं नंतर बघू.