हळदीच्या सौद्यात क्वांटम विज्ञान: सांगलीत हे करावं का?

कृष्णाकाठी (धागाकर्ता):
क्वांटम विज्ञान म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनच्या वागण्याचं शास्त्र. त्याचा पाया घालणाऱ्या, भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गच्या १९२५च्या शोधनिबंधाची शताब्दी म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम विज्ञानाचं वर्ष जाहीर केलं होतं. आपल्याकडे असं काही निघालं की ते कॉलेजच्या सभागृहात होतं आणि ऐकायला तीच ती मंडळी. माझं म्हणणं, हे मार्केट यार्डात न्या. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळा, गाळ खाली बसू द्या आणि अंधाऱ्या कोपऱ्यात वरचं पिवळं द्रावण नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चपुढे धरा. बाटली हिरवट-पिवळी उजळते. मग तांबडा दिवा धरा, कितीही झगझगीत असो. ती उजळत नाही. तांबड्या प्रकाशाच्या एकेका कणात ऊर्जाच कमी, त्यानं कुरकुमिनमधला (हळदीला पिवळेपणा देणारं द्रव्य) इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जात नाही. ज्यानं हळद पिकवली त्याला हे का दिसू नये?

विश्रामबागकर:
विरोध. सौद्याला आलेल्या माणसाचं लक्ष भावाकडे असतं. आधी शाळांच्या प्रयोगशाळांची कुलपं काढा. दुसरं म्हणजे, मागे आमच्या कॉलनीत एक जण सांधेदुखीवर ‘क्वांटम लॉकेट’ विकून गेला. आईनं घेतलं, वर महिनाभर गोळ्या बंद ठेवल्या. चौकाचौकात हा शब्द पोचवलात की फायदा असल्यांचाच.

कृष्णाकाठी:
@विश्रामबागकर, शब्द तुमच्या दारापर्यंत पोचलाच की! पोचला नाही तो प्रयोग. बाटली उजळताना पाहिलेला माणूस लॉकेटवाल्याला निदान ‘दाखव’ तरी म्हणेल.

फिजिक्सच्या बाई:
कल्पना आवडली, पण मांडणीत गफलत नको. ठरावीक रंगच शोषला जाणं जुन्या तरंग-सिद्धान्तानंही समजावता येतं, त्यामुळे तांबड्या दिव्यानं क्वांटम ‘सिद्ध’ झालं असं कुणाला सांगू नका. खरी गंमत बाहेर येणाऱ्या रंगात आहे. आत अतिनील जातो, बाहेर हिरवट-पिवळा येतो, म्हणजे कायम तांबड्याच्या बाजूला सरकलेला. स्टोक्स या शास्त्रज्ञानं हे १८५२ मध्येच नोंदवलं होतं. आईनस्टाईननं १९०५ मध्ये कारण दिलं: प्रकाश कणाकणानं शोषला जातो, त्यातली थोडी ऊर्जा वाटेत खर्ची पडते आणि उरलेल्या ऊर्जेचा कण बाहेर पडतो. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. आणि स्पिरिट पेट घेतं, आजूबाजूला पोती असतात. बाटल्या घरून घट्ट बंद करून न्या. टॉर्च पोरांच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका.

मिरज जंक्शन:
मी एमआरआय विभागात काम करतो. रोज कुणीतरी विचारतं, ‘यात किरणं किती लागतात हो?’ यात क्ष-किरण नसतातच. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो, त्याच्या प्रोटॉनचा स्पिन (ज्यामुळे तो चिमुकल्या चुंबकासारखा वागतो) ही अस्सल क्वांटम गोष्ट. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) चुंबकात तो सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देतो, म्हणजे आपल्या एफएमच्या थोडं खालीच. नातेवाईक तास-तास बाकावर बसून असतात. भिंतीवर हे चार ओळींत लावलं तर निम्मी भीती जाईल. यार्डाच्या आधी दवाखाने घ्या.

विश्रामबागकर:
@मिरज जंक्शन, हे पटलं. तिथं माणसाच्या मनात प्रश्न आधीच असतो. यार्डात तो आपण त्याच्यावर लादणार. माझा विरोध तिथंच आहे.

यार्डातला:
@विश्रामबागकर, माझे वडील यार्डात हमाल आहेत. सौदे आटोपले की ट्रक लागेपर्यंत सगळे थप्पीला टेकून बसलेले असतात. ‘लक्ष भावाकडे’ हे तुम्ही त्यांना न विचारताच ठरवलंत. काल वरचा प्रयोग त्यांना घरी करून दाखवला. त्यांनी लगेच विचारलं, ‘भेसळीची हळद यात ओळखू येईल का रे?’ हा प्रश्न त्यांच्यावर कुणी लादला?

फिजिक्सच्या बाई:
@यार्डातला, प्रश्न फार चांगला आहे. नुसत्या उजळण्यावरून भेसळ ठरवता येणार नाही, थोडं कुरकुमिन असलं तरी द्रावण उजळतं. त्याला प्रयोगशाळेतली तपासणीच लागते. वडिलांना हे जरूर सांगा, नाहीतर उद्या टॉर्च मारून कुणीतरी कुणाचा माल पाडून मागेल.

विश्रामबागकर:
बघा, पहिल्याच प्रश्नाला बाई लागल्या. यार्डात बाटली ठेवून मंडळी घरी गेली तर हे उत्तर तिथं कोण देणार? रोज कोण उभं राहणार, ते ठरवा. मग मी विरोध मागे घेतो.

यार्डातला:
शनिवारी दुपारी मी उभा राहतो. बाई, पहिल्या दोन खेपांना तुम्ही याल का?