मदत हवी आहे: घरच्या शेवाळ-अर्काने मिरचीची पानं करपली

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीकडचा. पावसाळा सरला की आमच्या खडपावर सरगॅसम हे समुद्री शेवाळ वाढतं, तपकिरी, बारक्या फुग्यांचं. वाहून आलेलं दोन टोपल्या आणलं, धुतलं, चिरून तासभर उकळलं. पाणी भेंडीच्या चिकासारखं बुळबुळीत झालं, ते अल्जिनेटमुळे, म्हणजे या शेवाळातल्या चिकट पदार्थामुळे. फडक्यातून गाळताना जीव गेला, वासाचं तर विचारूच नका. मिरचीवर लिटरला ५० मिली मारलं. चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. मला मिठाचा संशय आहे.

मीठ उतरवायला तुम्ही किती पाण्यांतून काढता? ईसी (पाण्यातल्या क्षारांचं माप) किती आला की फवारता? उकळल्यावर त्यातली सायटोकायनिनसारखी, झाडाची वाढ घडवणारी संप्रेरकं टिकतात का? भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ताजं कप्पाफायकस (एक लाल समुद्री शेवाळ) पिळून रस काढायची पद्धत बसवली आहे, चोथ्यातून पुन्हा कॅरेजीनन हा घट्टपणा आणणारा पदार्थ मिळतो. सरगॅसमचा असा रस निघेल का? पोटॅशियम हायड्रॉक्साइड या दाहक अल्कलीने अर्क काढायची पद्धत माहीत आहे, पण घरात लहान पोरं आहेत, तो प्रकार नको.

स्वतः करून पाहिलेल्यांनीच सांगा. अर्धा कॅन अजून पडवीत आहे, आणि बायको रोज विचारते, कधी हलवताय?