‘ट्रेल’ला काय म्हणाल: माग, वाट की दुवा?

अनुवादिका_कोथरूड: अमेरिकी अभियंते व्हॅनेवर बुश यांनी जुलै १९४५मध्ये ‘मेमेक्स’ यंत्राची कल्पना मांडली. त्यावरचा लेख मराठीत करतेय. टेबलात मायक्रोफिल्मवर, म्हणजे पानांच्या अगदी बारीक छायाचित्रांच्या फितीवर, पुस्तकं साठवायची आणि वाचता वाचता एक मजकूर दुसऱ्याला कायमचा जोडून ठेवायचा. त्यांच्या उदाहरणातला वाचक धर्मयुद्धांत तुर्की आखूड धनुष्य इंग्रजी लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरलं, हे शोधतो. त्यातून तयार होणारी मालिका म्हणजे ‘ट्रेल’. मी ‘माग’ लिहिलं, संपादकांनी ‘दुवा’ केलं. पटत नाहीये.

आबा_नारायणपेठ: माग चोराचा काढतात. शिवाय हातमाग आडवा येतो. ‘पायवाट’ म्हणा, ती चालून चालूनच पडते.

अनुवादिका_कोथरूड: पण आबा, अशा वाटा तयार करणाऱ्यांचा नवा पेशाच निघेल, असं बुश म्हणतात. वाटाड्या तर असलेलीच वाट दाखवतो.

जुन्नरकर: ‘वाटपाड्या’ मात्र करू नका, ताई! जुन्या मराठीत वाट पाडणं म्हणजे वाटसरूंना लुटणं. माझी आजी दरोडेखोरांच्या गोष्टींत हाच शब्द वापरायची.

सिंहगडरोड: एवढी ओढाताण कशाला? ‘लिंक’ लिहा. माझी आईसुद्धा “लिंक उघडत नाही गं” म्हणते.

आबा_नारायणपेठ: आई म्हणते ती एक लिंक. इथे अख्खी मालिका आहे, आणि ती कुणीतरी विचार करून लावलेली आहे. शिवाय लिंकसाठी मराठी विकिपीडियावर ‘बाह्य दुवे’ कधीच रुळलेत.

जुन्नरकर: दुवा ‘दोन’वरूनच आला असणार, दोन टोकं जोडणारा. म्हणून आजच्या लिंकला तो शोभत नाही! १९६५मध्ये ‘हायपरटेक्स्ट’ (दुव्यांनी जोडलेला मजकूर) हा शब्द देणाऱ्या टेड नेल्सन यांना दोन्हीकडून दिसणारा दुवा हवा होता: कोण आपल्याकडे बोट दाखवतंय, हे मूळ मजकुरालाही कळावं. तो खरा दुवा. वेबवरची लिंक एकतर्फी. पलीकडचं पान हललं तरी अलीकडे पत्ता नसतो, मग ‘पान सापडलं नाही’ सांगणारं ४०४ येतं.

सिंहगडरोड: एकतर्फी होती म्हणूनच वेब पसरलं, दादा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या रचनेत दुवा द्यायला कुणाची परवानगी लागत नाही, मध्यवर्ती नोंदवहीही नाही. दोन्ही टोकं सांभाळायची तर जगभरचा हिशेब कुणी ठेवायचा?

जुन्नरकर: पसरलं खरं, पण काय गमावलं तेही बघा. माझे जुने जतन केलेले कितीतरी दुवे आज मेलेत.

आबा_नारायणपेठ: दुवा ‘दोन’वरून, याला आधार काय? “गरिबाचा दुवा लागेल” यातला दुवा तर अरबी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश काढून बघतो.

जुन्नरकर: तो शब्दच वेगळा, आबा! साखळीचा दुवा आणि आशीर्वादाचा दुवा एकत्र करू नका.