टिटवी म्हणते भरपूर, कावळा म्हणतो कमी, पेरणीचं काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमची वाशिम जिल्ह्यात सात एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर. मी पुण्यात नोकरीला, शेती बाबा बघतात आणि मे संपत आला की आमचं फोनवर वाजतंच. गेल्या वर्षी मृगाचं वाहन (पंचांगात नक्षत्राला दिलेला प्राणी, त्यावरून पावसाचा अंदाज बांधतात) चांगलं निघालं म्हणून बाबांनी पहिल्याच सरीवर पेरलं, नंतर १८ दिवस टिपूस नाही, एकरी ३० किलो बियाणं मातीत गेलं अन् दुबार पेरणी.

यंदा बाबांनी व्हॉट्सॲपवर फोटो टाकलाय, धुऱ्याच्या (बांधाच्या) उंचवट्यावर खड्यांमध्ये टिटवीची चार अंडी, मला तर दोनदा झूम केल्यावर दिसली. उंचावर घातली म्हणजे पाणी भरपूर आणि चार म्हणजे चारही महिने पाऊस, असं बाबांचं. आई म्हणते कावळ्यानं बाभळीवर घरटं केलंय, काटेरी झाडावर केलं की पाऊस कमी. एका घरात दोन वेधशाळा!

मी शोधलं तर टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते, दुष्काळ असो नसो. आणि वाहन म्हणजे सूर्य नक्षत्रात शिरताना सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, ९ ने भागायचं, बाकी उरेल त्यावर बेडूक की गाढव ते ठरतं. यात ढग कुठेच नाही. हे सांगितलं तर बाबा म्हणाले, तुझ्या ॲपनं तरी काय दिवे लावले? (तेही खरंच आहे म्हणा.)

कुणी बहाव्याचा फुलोरा, पंखाच्या मुंग्या, चंद्राभोवतीचं खळं वगैरे पावसाच्या खुणांची नोंद ठेवलीय का? आणि ७५-१०० मिमी पाऊस होईस्तोवर बाबांना थांबवू कसं?

प्रतिसाद: खळं पडतं उंच ढगातल्या बर्फाच्या कणांमुळे, त्यामुळे एकदोन दिवसांचा अंदाज कधीकधी जमतो, पण अख्ख्या हंगामाचा नाही. बाबांशी वाद घालू नका. सरळ कडांचा डबा अंगणात उघड्यावर ठेवायला सांगा, रोज सकाळी साडेआठला पट्टीनं मोजून लिहायचं आणि ओतून टाकायचं. वीतभर खणून ओल बघा अन् वाफसा (माती ओलसर पण चिखल नाही) आल्यावरच पेरा.

धागाकर्ता: डबा ठेवला. बाबा म्हणतात, कॅलेंडरवर डब्याचा आकडा लिहीन, पण शेजारी टिटवीपण लिहिणार. चालेल.