पुण्याहून बंगळुरूला चाललोय, किराणा इथून न्यावा का?

रानजाई: जूनमध्ये व्हाइटफील्डला शिफ्ट होतोय. इथे माझं सगळं ठरलेलं, एप्रिल-मेमध्ये मार्केटयार्डातून वर्षाचे गहू-तांदूळ भरायचे, महिन्याची यादी कोपऱ्यावरच्या वाण्याला व्हॉट्सअप करायची, भाजी मंडईतून. तिकडे ज्वारी, इंद्रायणी, भाजणी मिळते का की सगळं बांधून आणू? मैत्रीण म्हणते तिकडे सगळं ॲपवरून दहा मिनिटांत दारात येतं. पण धान्य ओंजळीत घेऊन बघितल्याशिवाय मला घ्यायलाच होत नाही हो.

शेवगा: ज्वारी अजिबात आणू नका! उत्तर कर्नाटकातली माणसं इथे भरपूर आहेत, त्यांच्या दुकानात जोळद हिट्टू म्हणजे ज्वारीचं पीठ, कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी सगळं मिळतं. फक्त पीठ कधी दळलंय ते विचारा, जुनं असेल तर भाकरी थापताना चिरते. तांदूळ मात्र आणा, इथे घरोघरी सोना मसुरी, भात मोकळा होतो आणि आपल्या वरणभाताला तो आसटपणा येत नाही. पण वर्षाचा नको, पावसाळ्यात पोरकिडे झाले तर ऊन दाखवायला फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे. भाजीला हॉपकॉम्स, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची दुकानं आहेत, भाव पाटीवर लिहिलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत अवरेकाई म्हणजे ताजे पावटे येतात ते चुकवू नका. दुकानात तूरडाळ म्हणजे तोगरी बेळे, हरभराडाळ कडले बेळे, पोहे अवलक्की, आणि अगदी बारीक रवा हवा असेल तर चिरोटी रवा मागायचा.

ठाणेकरीण: मी नागपूरहून ठाण्याला आले तेव्हा माझंही असंच झालं होतं, माहेरी कोठीभर धान्य आणि इथे वन बीएचके. मग शेजारच्या काकूंनी मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात घेतलं. १९७५ पासून चाललंय ते, महिन्याची मागणी आधी द्यायची, माल एका सभासदाच्या घरी येतो आणि आपणच सगळ्याजणी मिळून वाटप करायचं. माल चांगला असतोच पण नवीन शहरात ओळखी त्यातूनच झाल्या माझ्या. तुम्हीपण सोसायटीत चार-पाच मराठी घरं शोधा आणि इंद्रायणीचं एक पोतं मिळून मागवा.

रानजाई: हे भारी आहे, नक्की करते. आणि भाजणी?

शेवगा: घरी भाजा आणि दळून आणा. गिरणीला इथेही गिरणीच म्हणतात 🙂 पण आधी काय दळलंय ते बघा, मिरचीवर दळली तर सगळी भाजणी वाया. मी अर्धा किलो गहू बरोबर नेते, ते आधी दळून घेते मग भाजणी.

रानजाई: मग इंद्रायणी १० किलो नेते, मे महिन्याची बाकीची पोती कॅन्सल. शेवगा, ते ज्वारीच्या पिठाचं दुकान व्हाइटफील्डजवळ आहे का कुठे?

शेवगा: मी जाते ते जयनगरला, तुम्हाला फार लांब पडेल. तुमच्या बाजूला राहणाऱ्या धारवाडच्या मैत्रिणीला विचारून उद्या टाकते इथे.