सूड, प्रतिशोध की उट्टे?

उंबरठा:
आमच्या चित्रपट मंडळात जपानी दिग्दर्शक कोबायाशींचा १९६२ चा 'हाराकिरी' दाखवायचाय आणि मराठी उपशीर्षकं माझ्या गळ्यात पडलीत. कथा १६३० ची. हानशिरो नावाचा, धनी गमावलेला सामुराई ईई घराण्याच्या वाड्यात येतो आणि अंगणात पोट चिरून मरायची परवानगी मागतो. पुढे कळतं, त्याच्या जावयाला याच अंगणात बांबूच्या पात्याने पोट फाडायला लावलं होतं. हानशिरो नंतर जे करतो त्याला मी 'सूड' लिहिलं. मंडळातल्या एका ज्येष्ठांनी खोडून 'प्रतिशोध' केलं. म्हणे, सूड हा गावगुंडाचा शब्द. मला पटत नाही. काय लिहू?

तळटीप:
सूडच. प्रतिशोध हिंदी मालिकांतून आलाय. मराठी कानाला 'शोध' म्हणजे हुडकणं, त्यामुळे प्रतिशोध म्हणजे उलटतपासणी वाटते.

वाक्यदीप:
तळटीप, हिंदीत आहे म्हणून शब्द हिंदीचा होत नाही. ऋणशोधन म्हणजे कर्ज फेडणं, तसाच प्रतिशोध. तुमच्या न्यायाने 'बदला'ही बाद करा, तो अरबी.

तळटीप:
अरबी असला तरी माझी आजी वापरायची. प्रतिशोध घेताना तिला कोणी पाहिलं नाही.

बारगीर:
जपानीत अशा सुडाला 'काताकिउचि' म्हणतात आणि तो रीतसर मामला होता. वडीलधाऱ्याला कोणी मारलं तर अधिकाऱ्यांकडे नोंद करून मारेकऱ्याच्या मागावर निघायचं. १८७३ मध्ये सरकारने बंदी घातली. परवाना मिळवून उगवलेल्या सुडाला आपल्याकडे शब्दच नाही.
आणि सत्तेचाळीस रोनिनांचं, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंचं, काय करणार? १७०१ मध्ये त्यांचा धनी आसानो याने एदोच्या (आताच्या टोकियोच्या) किल्ल्यात किरा नावाच्या अधिकाऱ्यावर तलवार उपसली. किरा जखमी झाला, पण वाचला. आसानोला पोट चिरायची शिक्षा दिली शोगुनने, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशाने, किराने नव्हे. मग रोनिनांचा म्होरक्या ओइशी आणि मंडळींनी किराचं डोकं उडवलं तो सूड कसा? धन्याचं अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं, एवढंच.

उंबरठा:
बारगीर, मुद्दा भारी आहे, पण मला हानशिरोचं हवंय.

सातूमाय:
अहो, हानशिरोचा सूड कसला, त्याने उट्टे काढले! जावयाला मरायला भाग पाडणारे तिघे होते. त्यांना तो जिवे मारत नाही, आधी शेंड्या कापतो. मग अंगणात बसून त्याच तिघांना साहाय्यक म्हणून, म्हणजे पोट चिरल्यावर डोकं उडवायला, बोलवा म्हणतो. तिघेही 'आजारी'. शेवटी खिशातून एकेक शेंडी काढून टाकतो. सामुराईची शेंडी गेली म्हणजे अब्रू गेली. वाड्यातलं कुणाचं तोंड उघडत नाही. सुडात रक्त असतं, उट्ट्यात हिशेब असतो.

वाक्यदीप:
'शेंडी' लिहू नका, प्रेक्षक हसतील. शेंडी लावणे म्हणजे फसवणे.

तळटीप:
मग काय, 'केशशिखा'?

सातूमाय:
बुचडा म्हणा. आमच्याकडे डोक्यावर बांधलेल्या केसांना बुचडाच म्हणतात.

वाक्यदीप:
बुचडा बायकांचा. आणि किमोनोला खिसा कुठला? किमोनोतून म्हणा.

बारगीर:
शेंडीच ठीक. पुढचं डोकं भादरलेलं, मागचे केस बांधून पुढे घेतलेले. आपल्याकडचे लोक पाहून शेंडीच म्हणतील.

उंबरठा:
मंडळी, सूड की उट्टे?

घासलेट:
मला वेगळंच विचारायचंय. 'हाराकिरी' मराठीत कधी आला? आमचे क्रीडापानवाले दर सामन्याला लिहितात, 'मधल्या फळीची हाराकिरी'. मला वाटायचं, हार पत्करणे वरून आला.

वाक्यदीप:
लोकव्युत्पत्ती! जपानीत हारा म्हणजे पोट आणि किरी म्हणजे कापणे. शिवाय सिनेमाचं मूळ नाव 'सेप्पुकु' आहे. तीच दोन चित्राक्षरं, फक्त उलट क्रमाने. तिथला अब्रूदार शब्द सेप्पुकु, हाराकिरी बोलण्यातला. उपशीर्षकात सेप्पुकुच हवं.

तळटीप:
मराठीत रुळलाय तो हाराकिरी. सेप्पुकु म्हटलं तर खाऊच्या पुडीवरचं नाव वाटेल.

घासलेट:
पण 'हार' त्यात ऐकू येतोच ना? शब्द टिकलाय तो त्यामुळेच. आता क्रीडापानाला सांगू का, 'मधल्या फळीचं उदरच्छेदन' लिहा म्हणून?

वाक्यदीप:
'आत्मघात' आहे की.

घासलेट:
आत्मघातात बॅट कुठे दिसते?