मदत हवी आहे: घरकामगारांची संघटन टीम नुसती 'फॉर्मवाली' होऊन बसलीय

नमस्कार मंडळी. पुण्यात असंघटित कामगारांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. दिवाळीनंतर घरकामगारांच्या संघटन टीमची जबाबदारी माझ्याकडे आली. टीम पाच जणींची. तिघी वर्षानुवर्षं धुणं-भांडी करून आलेल्या, दोघी समाजकार्याची पदवी घेऊन. युनियनमध्ये, हमाल पंचायतीत किंवा कचरावेचकांबरोबर काम केलेलं इथे कुणी असेल तर वेळ काढून वाचा.

वस्तीत आमच्या कार्यकर्त्यांना 'फॉर्मवाल्या ताई' म्हणतात. घरेलू कामगार कल्याण मंडळाची नोंदणी, ई-श्रम (असंघटित कामगारांचं सरकारी कार्ड), आधारला मोबाइल जोडणं, बँकेचं केवायसी. सकाळी बाहेर पडलेली कार्यकर्ती दुपारी सायबर कॅफेत ओटीपीची वाट बघत बसलेली असते. बाया जमतात त्या याच कामासाठी, आणि पहिला प्रश्न ठरलेला: बांधकामवाल्यांना भांड्यांचा संच मिळाला, आम्हाला कधी? नोंदणीला मालकाचं प्रमाणपत्र लागतं आणि सही करायला बऱ्याच मॅडम तयार नसतात ('उद्या कोर्टात खेचाल आम्हाला'). मग एकेका सहीसाठी खेटे. देणगीदारांच्या तिमाही तक्त्यात नोंदण्यांचा रकाना आहे, वस्तीत समिती उभी राहिली तर ते कुठे लिहायचं हे तक्त्यात नाही.

फॉर्म भरूच नयेत असं माझं म्हणणं नाही. हक्काचे चार पैसे मिळत असतील तर मिळवून द्यायलाच हवेत. पण कार्ड हातात पडलं की बाई परत मीटिंगला फिरकत नाही.

दुसरी अडचण जास्त नाजूक. मध्यंतरी एका मोठ्या सोसायटीत एका बाईवर अंगठी चोरल्याचा आळ आला. पोलिसांत तक्रार नाही, काही नाही. गेटवरच्या ॲपमध्ये तिचा प्रवेश बंद केला. तिची त्या सोसायटीत चार घरं होती, चारही एका फटक्यात गेली. पुढे अंगठी वॉशिंग मशीनच्या दाराच्या रबरात सापडली. आमच्या टीममधल्या सगळ्यात ज्येष्ठ कार्यकर्तीला सगळे मावशी म्हणतात. त्या एकट्या जाऊन सेक्रेटरीशी भांडल्या आणि प्रवेश सुरू करून आल्या. तीन घरं परत मिळाली. चौथ्या घराने तोवर दुसरी बाई लावली होती, आपल्याच वस्तीतली, पाचशे रुपये कमी घेऊन.

मावशींना वस्तीत मान आहे तो यामुळेच. पण तिथे रोज सत्तर-ऐंशी बाया कामाला जातात, त्यातली एकही गेटवर सोबत नव्हती. हे बोलले तर मावशी म्हणाल्या, "त्यांना नेलं असतं तर त्यांचीपण घरं गेली असती. काम झालं ना?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींचा संप झाला, त्याच्या गोष्टी त्या आईकडून ऐकत मोठ्या झाल्या. माझ्या आईकडून मी त्याबद्दल ऐकलंय ते एवढंच, की आम्हाला भांडी घासावी लागली होती.

तर जाणकारांनी सांगावं: फॉर्मसाठी येणारी बाई संघटनेत कशी टिकवायची? आणि मावशींना न दुखावता एकटीने प्रश्न सोडवायची ही पद्धत कशी बदलायची? देणगीदारांचं मी बघून घेईन.

*

लोखंडी_खाट: कार्ड सरकारचं असेल तर निष्ठा सरकारशी, हे साधं आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही पुण्यातली कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली. तिचं ओळखपत्र पंचायतीचं, महापालिकेने त्याला मान्यता दिलेली, आणि सभासद वर्षाची वर्गणी भरतात. तुम्ही वर्गणी घेता का? फुकट फॉर्म भरून देणाऱ्या संस्थेची बाई लाभार्थी असते. पन्नास रुपये भरून पावती घेतली की ती तुम्हाला जाब विचारायला येते, आणि जाब विचारायला येते ती टिकते.

धागाकर्ती: वर्गणी नाही. संस्था ट्रस्ट आहे, त्यामुळे हिशेबवाले घाबरतात.

लोखंडी_खाट: मग युनियन वेगळी नोंदवा. अर्जावर सात जणींच्या सह्या लागतात, सभासदसंख्येची अट वेगळी. पदाधिकारी बाया, संस्था फक्त मदतीला. परदेशी देणगी असेल तर दोन्हीकडचे पैसे आणि माणसं चुकूनही एकत्र करू नका, वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

माथाडीचा_नातू: संस्थांचं मुळातच चुकतं असं माझं मत. १९६९च्या माथाडी (म्हणजे हमालांच्या) कायद्यात मालक मजुरी आणि वर लेव्ही (कामगारांच्या सोयींसाठीची जादा रक्कम) मंडळात भरतो, म्हणून मंडळाला वजन आहे. २००८च्या घरेलू कामगार कायद्यात मालकावर तशी सक्तीच नाही. सहीलाच घाबरणारी मॅडम लेव्ही कशाला देईल? हे भांडण मुंबईत विधानसभेत व्हायला हवं, वस्तीत फॉर्म भरून काय होणार?

रमाबाई_नगर: दादा, विधानसभेवर मोर्चा न्यायला बाया लागतात, त्या वस्तीतूनच येणार ना! ताई, मी सोलापुरात हेच काम करते. आळाच्या मिटलेल्या केसपासून सुरुवात करू नका. ते चौथं घर घ्या. आम्ही गल्लीत एकच ठराव केला होता: भांडण होऊन कुणाचं घर सुटलं, तर हिशेब मिटेपर्यंत ते घर दुसरीने धरायचं नाही. गेटवर उभं राहायचं नाही, घोषणा नाहीत, कुणाचं काम जायची भीती नाही. सुरुवातीला मोडला जातो. मोडणारीला बोल लावू नका, तिला मीटिंगला बोलावून तिची अडचण सगळ्यांसमोर ऐका. बहुतेक वेळा शाळेची फी नाहीतर बचत गटाचा हप्ता निघतो, मग त्यावर काय करायचं ते बायाच ठरवतात.

मावशींबद्दल. त्यांचं काम काढून घेऊ नका. पुढच्या केसला त्यांच्याबरोबर त्याच सोसायटीतल्या दोघींना पाठवा, आणि बोलायचं मावशींनीच. त्यानंतरच्या केसला मावशींनी बसायचं, त्या दोघींनी बोलायचं. शिकवायला सांगितलं की जुनी माणसं खूश होतात, बदलायला सांगितलं की रुसतात.

धागाकर्ती: हे पटलं. ठरावाची कल्पना उद्याच मावशींपुढे ठेवते. त्यांनीच वस्तीत मांडली तर चालेल.

लोखंडी_खाट: एक अवांतर. तुमच्या पाच जणींना पीएफ आहे का, की मानधनावर आहेत?

धागाकर्ती: मानधनावर. मागच्या मीटिंगला हाच प्रश्न एका कार्यकर्तीने विचारला, भरपगारी सुट्टीचाही. संचालकांना लिहिलंय, पुढच्या बजेटच्या बैठकीत घेतो म्हणाले.

रमाबाई_नगर: बैठकीला त्या पाच जणींना घेऊन जा. एकटी जाऊ नका :)